पितळेची स्वच्छता : रिकाम्या पुंगळीपासून घरातील घागरीपर्यंत

इंदूर शहरात राजवाड्याच्या परिसरात बर्तन बाजार आहे. तेथील दुकानांतून पितळेच्या घागरी, तपेली, समया व घंटा मांडलेल्या दिसतात. होळकरांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांतही अशी भांडी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली आढळतात. याच शहराच्या परिसरात रेवती येथे सीमा सुरक्षा दलाचे गोळीबार मैदान आहे. १४ जुलै २०२४ रोजी एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावण्यात आली, ते हेच ठिकाण होय. इंदूरपासून सुमारे २३ किलोमीटर अंतरावर महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, ही १८१८ साली वसलेली लष्करी छावणी आहे. गोळीबाराच्या मैदानावर जी पिवळी पुंगळी बंदुकीतून बाहेर पडते, ती आणि बर्तन बाजारातील घागर यांची धातू एकच, ती म्हणजे पितळ.

धातू एक असल्यामुळे तिच्या स्वच्छतेचा प्रश्नही बऱ्याच अंशी एकच आहे. काळवंडलेली पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी करावयाची असो अथवा कळकलेली घागर पुन्हा पाण्यासाठी काढावयाची असो, चिंच, लिंबू, राख, साबण, बाजारातील पॉलिश आणि यंत्र यांपैकी नेमके काय निवडावे, हे ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी ही निवड केवळ चकाकीवरून केली जाते. जी पद्धत अधिक लवकर अधिक चमक आणते, ती चांगली, असा समज रूढ आहे. हा समज पितळेच्या बाबतीत घातक ठरू शकतो. याचा मोठा धडा भारतातील पावसाळ्यानेच एके काळी शिकविला, म्हणून प्रथम तो पाहणे उपयुक्त होईल.

पावसाळ्यात तडकणारी काडतुसे

एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश फौजेत धातूच्या पुंगळीची काडतुसे वापरात आली. थोड्याच काळात एक चमत्कारिक गोष्ट आढळून येऊ लागली. कोठारात ठेवलेली, एकदाही न झाडलेली काडतुसे पावसाळ्याच्या दिवसांत आपोआप तडकत. पुंगळीच्या तोंडाशी, जेथे ती गोळीला आवळून धरते, तेथे उभ्या बारीक चिरा पडत. वरून पाहता धातू झिजलेली नसे, गंजलेली नसे. तरीही ती फाटलेली असे. पावसाळ्याच्या ऋतूत हा प्रकार घडे म्हणून इंग्रजीत त्याला ऋतुतडक अशा अर्थाचे नाव पडले.

कारण उलगडण्यास पुष्कळ काळ लागला. पावसाळ्यात फौजेच्या हालचाली थांबत आणि काडतुसे कोरड्या जागी म्हणून पुष्कळदा घोड्यांच्या पागेत ठेवली जात. घोड्यांचे मूत्र कुजून त्यातून अमोनिया वायू निघतो. दमट हवेत हा वायू पितळेच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या सूक्ष्म थरात विरघळतो आणि ताणाखाली असलेल्या धातूच्या कणाकणांमधील सांध्यांवर हल्ला करतो. ताण, ओल आणि अमोनिया ही तीन एकत्र आली की पितळ तडकते. यांपैकी एक काढून घेतले तर तडा जाणे टळते. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तीन संशोधकांनी या घटनेचे सविस्तर स्पष्टीकरण प्रसिद्ध केले.

इंदूरच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे ९० ते १०० सेंटिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे ओलीची अट येथे दरवर्षी पूर्ण होते. ताण तर ठोकून वा दाबून घडविलेल्या प्रत्येक पितळी वस्तूत थोडाफार असतोच. राहिला अमोनिया. तो आणून देण्याचे काम पागा करीत असे. आज तेच काम गोठा, युरियाची पोती किंवा चुकीने निवडलेले पॉलिश करू शकते.

पितळेचा स्वभाव

तांबे व जस्त यांच्या मिश्रणाने पितळ बनते. पुंगळीसाठी वापरल्या जाणाऱ्या पितळेत सामान्यतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. हे प्रमाण अशासाठी निवडलेले असते की धातू ताणली असता न फाटता लांबत जावी. पितळेच्या जाड चकतीला दाबयंत्राने टप्प्याटप्प्याने ताणून पुंगळी तयार करतात. प्रत्येक टप्प्यात धातू कडक होत जाते, म्हणून मधून मधून ती तापवून मऊ करावी लागते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हातोड्याने भांडे घडविणारा कारागीर हेच करीत आला आहे : ठोकणे, धातू ताठर झाली की भट्टीत तापविणे, आणि पुन्हा ठोकणे. महाराष्ट्रात खडकी येथे १८६९ पासून आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ पासून दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. २०२१ साली आयुध कारखान्यांची पुनर्रचना झाल्यानंतर हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीच्या अखत्यारीत आले.

पुंगळीचे बूड कडक व तोंड मऊ असावे लागते. रायफल झाडली असता आत दर चौरस सेंटिमीटरला तीन हजार किलोग्रॅमहून अधिक दाब निर्माण होतो. त्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते व सहज बाहेर निघते. नेमबाजाचा चेहरा या पुंगळीपासून हातभर अंतरावरही नसतो. बूड मऊ झाले किंवा भिंतीला चीर असली तर तप्त वायू मागे फुटून डोळ्यांना व हातांना इजा होऊ शकते. स्वच्छतेच्या पद्धतीची निवड किती महत्त्वाची आहे, हे यावरून कळून येईल.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. काडतुसाचा सर्वांत महाग आणि पुन्हा वापरता येण्याजोगा भाग म्हणजे पुंगळी. म्हणून अनेक देशांत स्पर्धेचे नेमबाज ती पुन्हा भरून वापरतात. शिकारीच्या काळात आपल्याकडेही बारा बोरच्या पितळी पुंगळ्या अशा प्रकारे वापरल्या जात. तथापि भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये काडतुसे तयार करण्यासाठी परवाना लागतो. सबब हे काम केवळ परवानाप्राप्त व प्रशिक्षित व्यक्तींचे व संस्थांचे आहे. प्रस्तुत विवेचनाचा उद्देश काडतूस भरण्याची कृती सांगणे हा नसून, पितळ स्वच्छ करण्यामागील तत्त्वे समजावून देणे हा आहे. ती तत्त्वे घर, शाळा, देऊळ आणि कार्यालय या सर्व ठिकाणी उपयोगी पडणारी आहेत.

मळ ओळखावा, मग उपाय योजावा

पितळेवर दिसणारा प्रत्येक डाग सारखा नसतो. त्याचे ढोबळमानाने पाच प्रकार करता येतील.

पहिला प्रकार धूळ, तेल व ओशटपणा यांचा. तो धातूवर नुसता बसलेला असतो. दुसरा काजळीचा. झाडलेल्या पुंगळीच्या तोंडाशी व आत तो जमतो. चुलीवरच्या भांड्याच्या बुडाशीही तोच असतो. तिसरा प्रकार म्हणजे हवेने येणारी तपकिरी काळसर झाक. हा धातूचाच पातळ थर असून तो आतल्या धातूचे काही अंशी रक्षणच करतो. चौथा हिरवट जंगाल किंवा कळंक. आंबट पदार्थ, घाम, मीठ व ओल यांमुळे तो धरतो. तो विषारी असून धातू खात जातो. म्हणून तो काढलाच पाहिजे. ताक वा आमटी पितळेत राहिली असता ती ‘कळकली’ असे आपण म्हणतो, तेव्हा तांब्याचे हेच क्षार अन्नात उतरलेले असतात.

पाचवा प्रकार मळ नव्हेच. रायफलीच्या अनेक पुंगळ्यांच्या मानेवर निळसर तपकिरी पट्टा दिसतो. कारखान्यात तोंडाकडील भाग तापवून मऊ केल्याची ती खूण असते. ती मुद्दाम राखलेली असते, कारण त्या भागातील ताण काढला गेल्याचे ती दर्शविते. अनभिज्ञ माणूस हाच पट्टा नेटाने घासून काढण्याचा प्रयत्न करतो. त्यात श्रमही वाया जातात व धातूही.

यावरून पहिला नियम निघतो : जे काढावयाचे आहे ते नेमके काय आहे, हे प्रथम पाहावे. ओशटपणासाठी आम्ल नको आणि काजळीसाठी विटेची पूड नको.

पद्धतींचा तुलनात्मक विचार

(१) साबण व कोमट पाणी. ही सर्वांत सौम्य पद्धत होय. धूळ, तेल व ताजी काजळी यांना ती पुरेशी असते. भांडी घासण्याचा सौम्य साबण, मऊ कापड किंवा नायलॉनचा ब्रश, त्यानंतर दोन पाण्यांनी धुणे आणि पूर्ण कोरडे करणे, एवढीच तिची कृती आहे. चकाकी फारशी येत नाही. परंतु धातूची हानी शून्य. कोणत्याही वस्तूच्या स्वच्छतेची सुरुवात येथूनच करावी. पुष्कळदा पुढे जाण्याची गरजच उरत नाही.

(२) राख, माती व विटेची पूड. चुलीची राख क्षारयुक्त असल्यामुळे ती तेलकटपणा काढते व तिचे बारीक कण धातू घासतात. चाळलेली मऊ राख घरच्या जाड भांड्यांना चालते. विटेची पूड व वाळू मात्र धातूवर ओरखडे पाडतात. प्रत्येक ओरखड्यात पुढचा मळ अधिक घट्ट बसतो. त्यामुळे अधिक घासावे लागते आणि भांडे वर्षागणिक पातळ होत जाते. पुंगळीसाठी ही सर्व साधने वर्ज्य होत. तिचे माप मिलिमीटरच्या अंशात मोजले जाते आणि आत राहिलेला वाळूचा एक कणही शस्त्राची नळी खराब करू शकतो.

(३) चिंच, लिंबू व लिंबाचे सत्त्व. चिंचेत टार्टारिक आम्ल आणि लिंबात सायट्रिक आम्ल असते. ही सौम्य आम्ले काळसर झाक व जंगाल विरघळवितात, परंतु थोड्या वेळात मूळ धातूला फारसा धक्का लावीत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरातील ही परंपरा शास्त्राच्या कसोटीला उतरणारी आहे. पुंगळ्यांसाठी अनुभवी लोक हीच पद्धत मोजमापाने वापरतात. एक लिटर कोमट पाण्यात एक ते दोन लहान चमचे लिंबाचे सत्त्व व साबणाचे काही थेंब घालावेत. वस्तू पाच ते दहा मिनिटे त्यात ठेवून हलवावी व लगेच स्वच्छ पाण्याने धुवावी. आम्लाचा अंश राहू नये म्हणून शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढून पुन्हा धुवावे.

यात तीन पथ्ये पाळावीत. वेळ वाढवू नये. रात्रभर भिजत ठेवल्यास जस्त अधिक वेगाने विरघळते, तांबे मागे राहते आणि पिवळ्या पितळेवर गुलाबी डाग उमटतात. असा डाग म्हणजे स्वच्छतेची खूण नसून धातू पोकळ होऊ लागल्याची सूचना होय. दुसरे, द्रावण लोखंडी भांड्यात करू नये. विरघळलेले तांबे लोखंडामुळे पुन्हा सुटे होऊन पितळेवर तांबूस लेप बसतो. प्लॅस्टिकचे वा स्टेनलेस पोलादाचे भांडे घ्यावे. तिसरे, मीठ व व्हिनेगर यांचे मिश्रण झटपट चमक आणते म्हणून ते वापरण्याचा मोह टाळावा. मिठामुळे जस्त निघून जाण्याची क्रिया वाढते व भांडे पुरते न धुतल्यास जंगालही लवकर धरते.

(४) कोरडे फिरते पिंप. विजेवर हलणाऱ्या किंवा फिरणाऱ्या भांड्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा अथवा अक्रोडाच्या कवचाचा जाडसर भुगा भरतात आणि त्यात पुंगळ्या टाकून दोन ते चार तास फिरवितात. इंदूरच्या सराफ्यात ज्या मक्याचा कीस आवडीने खाल्ला जातो, त्याच कणसाचा हा टाकाऊ भाग असा उपयोगी पडतो. पाणी नसल्यामुळे वाळविण्याचा प्रश्न येत नाही व धातूची झीज अत्यल्प होते. बाहेरची बाजू उत्तम निघते. आतली काजळी मात्र पुरती निघत नाही. या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे धूळ. तिच्याविषयी पुढे वेगळे सांगितले आहे.

(५) ओले फिरते पिंप. यात पाणी, साबण, थोडे लिंबाचे सत्त्व व स्टेनलेस पोलादाच्या बारीक काड्या असतात. एक ते तीन तासांत पुंगळी आतून बाहेरून नव्यासारखी होते. धूळ उडत नाही. तथापि काडी आत अडकून राहिली आहे काय हे प्रत्येक पुंगळी उलटी करून पाहावे लागते आणि वाळविण्याची काळजी घ्यावी लागते. अधिक वेळ फिरविल्यास पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांची तोंडे ठेचली जातात.

(६) ध्वनिलहरींचे यंत्र. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन ते फुटतात व कोपऱ्यातील मळ सैल करतात. सोनार व चष्मेवाले हे यंत्र वापरतात. थोड्या संख्येच्या व गुंतागुंतीच्या वस्तूंसाठी ते चांगले. स्वच्छता उत्तम होते, चकाकी मात्र येत नाही. ज्याला चकाकी हीच स्वच्छता वाटते, तो या यंत्रास नावे ठेवतो.

(७) अमोनियायुक्त पॉलिश, तीव्र आम्ले व विरंजक. बाजारातील काही द्रव पॉलिशांत अमोनिया असतो. काच पुसण्याच्या काही द्रवांतही तो असतो. त्याने डाग क्षणात निघतो, पण ताणाखाली असलेल्या पितळेस तो आतून दुर्बळ करू शकतो. पागेतील काडतुसांचे जे झाले, तेच बाटलीतून करून घेण्यासारखे हे आहे. पुंगळीसाठी अमोनियायुक्त पदार्थ मुळीच वापरू नये. नायट्रिक वा गंधकाम्लासारखी तीव्र आम्ले घरगुती वापरात आणू नयेत. कपडे पांढरे करण्याचे विरंजक पितळेला खाते. शिवाय ते आम्लात मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो व जीवितास धोका होतो.

निवड करताना विचारावयाचे प्रश्न

वरील पद्धतींपैकी एकच सर्वोत्तम, असे म्हणता येणार नाही. निवड करणाऱ्याने क्रमाने चार प्रश्न विचारावेत. वस्तूचे पुढे काय काम आहे? तिच्यावर कोणता मळ आहे? वस्तू किती आहेत? आणि निघालेला मळ कोठे जाणार आहे?

पुंगळीचे पुढचे काम दाब सहन करणे हे असते. म्हणून तिच्या स्वच्छतेचा पहिला हेतू चमक नसून तपासणी हा आहे. काजळीखाली लपलेली चीर, बुडाजवळ भोवताली उमटलेली बारीक चमकदार रेषा, मानेवरचा उभा तडा, हे सर्व दिसावे म्हणून ती स्वच्छ करावयाची. बुडाजवळील रेषा ही भिंत आतून पातळ झाल्याची खूण असू शकते व अशी पुंगळी बाद करावी लागते. जी पद्धत हे दोष उघड करते ती चांगली. जी चमकेच्या झगमगाटात ते झाकते, ती नव्हे. थोड्या पुंगळ्यांसाठी साबण व लिंबाचे सत्त्व पुरते. पुष्कळ असल्यास फिरते पिंप सोयीचे होते.

वाळविण्याबाबत एक इशारा द्यावयास हवा. ओली पुंगळी कापडावर पसरून उन्हात किंवा वाऱ्यावर वाळवावी. घाईने तव्यावर, शेगडीवर वा भट्टीत ठेवू नये. कारखान्यात पितळेतील ताण काढण्यासाठी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसची नियंत्रित उष्णता देतात. परंतु अनियंत्रित आचेने पुंगळीचे बूड मऊ पडते आणि हा दोष बाहेरून मुळीच दिसत नाही. चकचकीत पण बुडाशी मऊ पडलेली पुंगळी ही काळ्या पण कणखर पुंगळीपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक होय.

न दिसणारे विष : शिसे

काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी जी टोपी असते, तिच्या मिश्रणात बहुधा शिशाचे संयुग असते. झाडल्यानंतर शिशाचा सूक्ष्म अंश पुंगळीत राहतो. कोरड्या भुग्यात पुंगळ्या फिरविल्या की हे शिसे भुग्यात उतरते आणि भुगा चाळताना धुळीबरोबर श्वासात जाते. शिशाची बाधा मुलांना अधिक होते. त्यांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करते. म्हणून असे काम घरात, विशेषतः स्वयंपाकघरात, करू नये. मुलांना व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवावे. उघड्या जागी, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी लावून भुगा हाताळावा. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून अन्नास स्पर्श करू नये. यासाठी वापरलेली चाळण, बादली वा भांडे पुन्हा अन्नासाठी वापरू नये, आणि धुतलेले पाणी विहिरीजवळ वा भाजीच्या वाफ्यात ओतू नये. या दृष्टीने पाहता ओली पद्धत कोरडीपेक्षा अधिक सुरक्षित ठरते.

गोळीबार मैदानांच्या आसपास राहणाऱ्या ग्रामस्थांसाठी याहूनही महत्त्वाची सूचना आहे. सेनादले व पोलीस यांच्या सरावात रिकाम्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात. तरीही पितळेच्या मोडीला मोल येत असल्यामुळे काही जण मैदानात शिरून धातू वेचतात. न फुटलेला गोळा वा जिवंत काडतूस दिसण्यात निरुपद्रवी असते. ते घासण्याने, तापविण्याने अथवा ठोकण्याने फुटते. अशा स्फोटांत माणसे दगावल्याच्या घटना सराव मैदानांलगतच्या गावांत घडलेल्या आहेत. अशी वस्तू आढळल्यास हात न लावता जागेवर खूण करावी, इतरांना दूर ठेवावे व जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. शिक्षकांनी ही गोष्ट शाळेत मुलांना आवर्जून सांगावी.

घर, गोठा, शाळा व देऊळ

हीच तत्त्वे घरात कशी लावावयाची, हे आता सहज लक्षात येईल. रोजच्या घागरीला चिंच किंवा लिंबू, मऊ राख व भरपूर पाणी पुरेसे आहे. आतून कल्हई केलेले भांडे मात्र राखेने वा तारेच्या काथ्याने घासू नये. कथलाचा पातळ थर निघून जातो व आतली पितळ उघडी पडते. ती पिवळी दिसू लागली की पुन्हा कल्हई करून घ्यावी, आणि तोवर त्यात ताक, चिंचेचे सार वा लोणचे ठेवू नये.

कल्हईवाला भांडे तापवून त्यात नवसागर टाकतो तेव्हा जो धूर निघतो त्यात अमोनिया असतो. तेथे पितळ का तडकत नाही, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. उत्तर असे की, त्या वेळी भांडे तप्त व कोरडे असते आणि अमोनियाशी संपर्क काही क्षणांचा असतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांडे त्याहून अधिक तापल्याने त्यातील ताणही काही प्रमाणात सैल होतो. ताण व ओल नाही, म्हणून तडा नाही. नंतर मात्र भांडे स्वच्छ धुवून नवसागराचा अंश काढून टाकावा.

पितळी भांडी गोठ्याच्या माळ्यावर किंवा युरियाच्या पोत्यांजवळ ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पावसाळ्यात ती जागा म्हणजे जुन्या पागेचेच रूप होय. भांडी कोरड्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवावीत. फवारणी पंपाचे पितळी भाग खताच्या वा औषधाच्या द्रावणानंतर लगेच साध्या पाण्याने धुवून पुसावेत.

शाळेतील वा देवळातील घंटा पुष्कळदा पितळेची नसून काशाची, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रणाची असते. ती कडक व ठिसूळ असते. तिला मऊ कापडाने पुसणे पुरे. तापवू नये, ठोकू नये. समयांवरील तेलाचा राप कोमट साबणपाण्याने काढावा. नक्षीच्या वस्तू रोज पॉलिश केल्यास नक्षीच झिजते.

ऐतिहासिक वस्तूंचा विचार याहून वेगळा करावा लागतो. इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात जुनी नाणी, शिलालेख व शिल्पे आहेत, तर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील विद्यालयात शस्त्रांचे संग्रहालय आहे. अशा वस्तूंवरील जुनी झाक हा त्यांच्या इतिहासाचा पुरावा असतो. शेत नांगरताना एखादे नाणे, ताम्रपट किंवा मूर्ती सापडली तर ती चिंचेने घासून उजळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अक्षरे एकदा झिजली की ती परत येत नाहीत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. ग्रामसेवक व शिक्षक यांनी या कामी गावकऱ्यांस मार्गदर्शन करावे.

सारांश

वस्तूचे काम व तिच्यावरील मळ ओळखून जे सर्वांत सौम्य साधन पुरेसे होईल ते निवडावे. सुरुवात साबणपाण्याने करावी. गरज पडल्यास सौम्य आम्ल मोजून व अल्प काळ वापरावे. अमोनिया, विरंजक व तीव्र आम्ले दूर ठेवावीत. धुतल्यावर वस्तू पूर्ण कोरडी करावी व ओल आणि गोठा यांपासून लांब ठेवावी. पागेत तडकलेली ती काडतुसे बाहेरून पाहता धडधाकट होती. पितळेची प्रकृती तिच्या चकाकीवरून ओळखता येत नाही, हा त्यांचा धडा घरातील घागरीलाही तितकाच लागू आहे.